बाविस्करांच्या दोन बरगड्या

१

डॉ. स्वराने एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली, खाली घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा धरली.

“दोन,” ती म्हणाली.

“काय दोन?” स्टुलावर अवघडून बसलेल्या चंद्रभान बाविस्करांनी विचारलं.

“बरगड्या. डाव्या बाजूची सहावी आणि सातवी. दोन्ही मोडल्यात. कुणी मारलं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“पडलात?”

“नाही.”

“गाडीवरून? जिन्यावरून?”

“डॉक्टर, पडलो असतो तर मला आठवलं नसतं का?”

बाविस्कर मूळचे चोपड्याचे. वीस वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आणि राहायला सालवडला. माणूस सरळ. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते त्यांना नीट जमतही नसे. आत्ता ते डॉक्टरांकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होते आणि मधेच त्यांची नजर चोरून बायकोकडे गेली.

सुगंधाबाई दाराशी उभ्या होत्या. ‘मोडल्यात’ हा शब्द ऐकल्यापासून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉ. स्वराने दोघांकडे पाहिलं. मग नियमाप्रमाणे पोलीस चौकीला कळवलं.

ही मंगळवारची गोष्ट. येत्या रविवारी बाविस्करांच्या मुलीचा, उत्कर्षाचा साखरपुडा होता. पालघरला ती ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तिथल्याच भाग्येश घरतशी तिचं जमलं होतं आणि दोन्ही घरांनी, बरेच दिवस फुगून बसल्यावर, होकार दिला होता. बुधवारी सकाळी सफाळ्याहून भाग्येशच्या आईचा फोन आला.

“तुमच्याकडे मारामाऱ्या होतात असं कानावर आलंय. साखरपुड्याचं आपण जरा थांबूया.”

उत्कर्षाने फोन खाली ठेवला आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. दारात पोलीस उभे होते.

२

पोलीस म्हणजे हवालदार काशीबाई तांडेल. शिरगावच्या कोळीवाड्यातल्या. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि गुडघे मात्र आधीच निवृत्त झाले होते. चौकशीला गेल्या की त्या सोफ्यावर कधी बसत नसत. थेट स्वयंपाकघरात जाऊन पाटावर नाहीतर पालथ्या डब्यावर बसत. माणूस बाहेरच्या खोलीत जे लपवतो ते आतल्या खोलीत सांडतं, असं त्यांचं मत होतं.

“मी येताना डॉक्टरीणबाईंना भेटून आले,” चहाचा कप हातात घेत त्या म्हणाल्या. “एकच विचारलं, अंगावर वळ हाय का? काळंनिळं काय? ती म्हणते, एक डाग नाय. आता मला सांगा बाई, लाथ बसून दोन बरगड्या जातात आणि कातडीला पत्ता नाय, असं कसं?”

सुगंधाबाईंच्या हातातली गाळणी खाली पडली.

“मीच मोडल्या!” त्या रडत म्हणाल्या. “मला न्या. पण साखरपुड्यानंतर न्या.”

काशीबाईंनी शांतपणे चहाचा घोट घेतला. “कशा मोडल्या?”

“रविवारी संध्याकाळी. हे म्हणाले, पाठ फार दुखतेय, जरा पाय दे. मी त्यांच्या पाठीवर उभी राहिले. नेहमी राहते. पण या वेळी... मी दिवाळीपासून जाड झालेय हो.”

“तेव्हा ओरडले ते?”

“नाही. म्हणाले, बरं वाटलं, आणखी थोडं वर.”

“आणि दुखायला कधी लागलं?”

“सोमवारी दुपारी. कारखान्यातून वाकडे होऊन घरी आले.”

रविवारी संध्याकाळी मोडलेली बरगडी सोमवार दुपारपर्यंत गप्प कशी राहील? काशीबाईंनी हा प्रश्न मनातच ठेवला.

एवढ्यात शेजारचे प्रदीप आपणहून साक्ष द्यायला आले. शाळेत कारकून होते आणि त्यांच्या नि बाविस्करांच्या घरात एकच भिंत होती. “मॅडम, मला कुणाचं वाईट चिंतायचं नाही,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, त्यावरूनच पुढचं काशीबाईंना कळलं. “पण गेला महिनाभर रोज संध्याकाळी हे टीव्ही एकदम मोठा करतात. आणि त्या आवाजाच्या आडून धप, धप, धप... आणि कण्हणं. माणसाला गादीत घालून बुकलावं तसं.”

“गादीत घालून?”

“हो. दबलेलं. आणि रविवारी यांचा मेहुणा दिग्विजय आला होता. तो तर ओरडून म्हणाला, ‘तुमची हाडं मोडली पाहिजेत!’ हे मी भिंतीला कान न लावता ऐकलं.”

प्रदीप गेल्यावर काशीबाईंनी उत्कर्षाला जवळ बसवलं.

“पोरी, घरात कुणी कुणाला मारतं?”

“नाही हो काकू. माझे पप्पा झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात.” तिचे डोळे रडून सुजले होते, तरी आवाज ठाम होता. “पण ते हल्ली विचित्र वागतात हे खरं. महिनाभर गच्चीवर झोपतायत. म्हणतात, खाली उकडतं.”

काशीबाईंनी अंगावरची शाल आवळली. बाहेर जानेवारीची सकाळ होती.

बाविस्कर बाहेरच्या खोलीत पलंगावर टेकून, पोटाशी उशी आवळून बसले होते. काशीबाई त्यांच्याजवळून मुद्दाम सावकाश गेल्या. सुक्या मासळीत वाढलेलं त्यांचं नाक कुठलाही वास वेगळा काढू शकत असे. इथे त्यांना तीन वास आले. लवंग, ज्येष्ठमध आणि कसलंतरी गोडूस औषध.

“बाविस्कर, बायको म्हणते तिनं मोडल्या.”

“नाही, नाही!” ते घाईने उठायला गेले आणि कळ येऊन खाली बसले. “तिचा काही संबंध नाही. लिहून घ्या, मी पडलो.”

“कुठं?”

बाविस्करांनी इकडेतिकडे पाहिलं. “गच्चीवर.”

“काल तर डॉक्टरला बोललात, पडलोच नाय.”

त्यावर बाविस्करांनी तोंड घट्ट मिटलं. ते कुणालातरी पाठीशी घालत होते, हे उघड होतं. पण लवंग चघळून कुणी बायकोला पाठीशी घालतं का?

३

दिग्विजय औष्णिक नव्हे, अणुऊर्जा केंद्रात कंत्राटी इलेक्ट्रिशियन होता, आणि हा फरक तो भेटेल त्याला समजावून सांगत असे. काशीबाईंनाही त्याने आधी तोच समजावला.

“ते राहू दे. हाडं मोडायचं तू बोललास का?”

“बोललो.” त्याने छाती पुढे काढली. “भाचीच्या साखरपुड्यात जिलेबी ठेवायची सोडून भावजी म्हणतात, श्रीखंड. नंतर म्हणतात, थंड काहीच नको, माझ्या घशाला... आणि मधेच थांबले. मग म्हणतात, मूगडाळीचा शिरा. मॅडम, शिरा! मी एवढंच म्हटलं आणि निघालो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. निरोप उत्कर्षा पोचवते. हात लावायला जवळ जावं लागतं ना?”

“मारलं असतंस तर कबूल केलं असतंस?”

“मारलं असतं तर स्टेटसला टाकलं असतं.”

हे मात्र काशीबाईंना पटलं. त्याला तिथेच सोडून त्या बाविस्करांच्या कारखान्यात गेल्या.

खोक्यांच्या गोदामाशी त्यांना बबलू भेटला. हा माल चढवणारा, गोरखपूरकडचा, दरवाजातून आडवा शिरावा लागेल इतका रुंद. पोलिसांची टोपी दिसताच त्याने दोन्ही हात जोडून पुढे केले.

“मैडम, मुझे ले चलो. मैंने ही तोड़ा है.”

“तू पण?” काशीबाई एका गठ्ठ्यावर बसल्या. “सांग.”

मग त्याने हिंदीत, आणि जिथे फार गहिवरून आलं तिथे मराठीत, सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी बाविस्कर साहेबांनी मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे आणले. बबलूला इतका आनंद झाला की त्याने साहेबांना कवेत धरून जमिनीपासून वर उचललं आणि दोन गिरक्या घेतल्या. दुपारी साहेब बरगडी धरून घरी गेले. तेव्हापासून बबलूने जेवण सोडलं होतं.

“गिरकी घेताना ते ओरडले?”

“नहीं. हंस रहे थे. फिर बोले, नीचे रख, पेढे पडतील.”

“मग सकाळपासून दुपारपर्यंत काय केलं त्यांनी?”

“काम. और बीच बीच में वो गोदाम में जाते थे. दरवाजा बंद करके. महीना हो गया.” बबलूने आवाज खाली आणला. “मैडम, अंदर कुत्ता है.”

“कुत्रा?”

“साहब अंदर जाते हैं तो भौंकता है. भौं भौं भौं, फिर लंबी सांस, हूऽऽ करके. मैंने दो बार रोटी रखी. खाता नहीं है.”

काशीबाई उठून गोदामात गेल्या. आत खोक्यांच्या चळती होत्या, छतापर्यंत. मागच्या कोपऱ्यात एक मोठं खोकं आडवं पाडलेलं होतं. त्यात एक माणूस खांद्यापर्यंत मावला असता. आत जुन्या गोणपाटाची घडी घालून अस्तर केलेलं होतं. गोणपाटाखाली ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे चाळीसेक रिकामे कागद होते आणि बबलूच्या दोन वाळक्या रोट्या.

कुत्र्याचा एक केससुद्धा नव्हता.

काशीबाई खोक्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी स्वतःचं डोकं त्यात घातलं आणि एकदा खोकून पाहिलं. आवाज जेमतेम बाहेर आला.

“बबलू,” मागे न वळता त्या म्हणाल्या, “जा, जेवून घे. तू सुटलास.”

४

आता फक्त सिद्ध करायचं उरलं होतं, आणि ते काशीबाईंना करावंच लागलं नाही. ते सुगंधाबाईंनी केलं, तेही चुकून.

काशीबाई दुपारी सालवडला परतल्या तेव्हा दिग्विजय बहिणीला समजवायला आला होता. प्रदीप काहीच कारण नसताना आले होते. उत्कर्षा भाग्येशला फोन लावत होती आणि तो लागत नव्हता. सुगंधाबाई वरणाला फोडणी देत होत्या. हवालदारांना बघून त्यांचं भान सुटलं आणि कढईत दोनऐवजी मूठभर सुक्या मिरच्या पडल्या. त्या जळेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ठसका घरभर पसरला. आधी सुगंधाबाई खोकल्या, मग उत्कर्षा. प्रदीप खिडकीशी धावले आणि ते खोकत असताना दिग्विजय त्यांच्या पाठीवर खोकला. काशीबाईंनी पदरात तोंड धरलं तरी त्यांना तीनदा ठसका लागला. भिंतीपलीकडून प्रदीपची बायकोसुद्धा खोकल्याचं ऐकू आलं.

एकटे चंद्रभान बाविस्कर खोकत नव्हते.

ते पलंगावर ताठ बसले होते. उशी आवळलेली, ओठ मिटलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा आधी लाल झाला, मग वांग्यासारखा जांभळा. एका क्षणी ते उठले, एका हाताने बरगडी आणि दुसऱ्या हाताने रिमोट पकडला, टीव्ही मोठा केला आणि आतल्या खोलीत गेले.

“या,” काशीबाई सगळ्यांना म्हणाल्या.

आतल्या खोलीत लोखंडी कपाट सताड उघडं होतं. बाविस्करांनी कमरेपर्यंतचं अंग खालच्या खणात, रजयांच्या ढिगात खुपसलं होतं. रजयांतून आवाज येत होता: धप, धप, धप, धप, धप... मग ‘हूऽऽ’ असा लांब श्वास, आणि त्यामागून कण्हणं. कपाट प्रत्येक उबळीला भिंतीवर आपटत होतं.

“हेच!” प्रदीप ओरडले. “हाच आवाज! पण मारतंय कोण?”

“खोकला,” काशीबाई म्हणाल्या.

त्यांनी बाविस्करांना हळूच बाहेर ओढलं, पाणी दिलं आणि पलंगावर बसवलं. मग आपणही बसल्या.

“मिरचीचा ठसका लागला की माणूस खोकतो. जो खोकत नाय, त्याला खोकल्याची भीती वाटते. तोंडात लवंग, खिशात ज्येष्ठमध, जानेवारीत गच्चीवर झोप, टीव्ही मोठा, गोदामात न खाणारा कुत्रा. महिनाभर तुमी खोकला लपवताय. पाठ दुखत होती ती पण त्यानंच. बोला, सोमवारी दुपारी गोदामात काय झालं?”

बाविस्करांनी मान खाली घातली. “मोठी उबळ आली. खोक्यात डोकं होतं. आतून ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटलं, पुठ्ठा मोडला. मग वाटलं, आदल्या दिवशी हिने पाय दिला, तेव्हाच तडा गेला असणार. म्हणून गप्प राहिलो. हिचं नाव कसं घेऊ?”

“आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यामुळे गप्प आहात!” सुगंधाबाई म्हणाल्या.

“म्हणजे तसंच झालं,” दिग्विजय म्हणाला, आणि मग आपण भावजींशी बोलत नसल्याचं आठवून तो गप्प झाला.

“पण पप्पा, लपवलात कशाला?” उत्कर्षाने विचारलं.

“माझ्या काकांना क्षय झाला होता,” बाविस्कर म्हणाले. “औषधाने ते खडखडीत बरे झाले. पण तोवर आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. नंतर ती कधी कुणाला भेटायलाच तयार झाली नाही. मला खोकला सुरू झाला आणि तुझी तारीख ठरली. म्हटलं, तेवढे दिवस काढू. मग जाऊ डॉक्टरकडे.”

उत्कर्षा त्यांच्या पायाशी खाली बसली. “पप्पा, मी लॅबमध्ये काम करते. रोज लोकांचे बेडके तपासते. तुमचा तेवढा राहिला होता!”

तो तिने त्याच दिवशी नेऊन दिला. डॉ. स्वराने बाविस्करांना पुन्हा तपासलं. आठवडेच्या आठवडे जोरात खोकलं की बरगडीला जोडलेले स्नायू तिला दोन्हीकडून ओढत राहतात आणि एखाद्या उबळीला ती मोडते, असं तिने सांगितलं. “तुम्ही खोकल्याचं सांगितलंच नाही, तर मला कसं कळणार?” असंही सुनावलं. शुक्रवारी निकाल आला. क्षय नव्हता. संशय डांग्या खोकल्याचा होता, तो मोठ्या माणसांनाही होतो. त्याच्या तपासणीचा निकाल यायला वेळ होता, म्हणून औषध लगेच सुरू झालं. घरातल्या सगळ्यांनाही गोळ्या मिळाल्या.

“हा दुसऱ्याकडून लागतो,” डॉक्टर म्हणाली. “सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधी तुमच्याजवळ बसून कोण खोकत होतं?”

बाविस्कर आठवू लागले. आणि आठवताच त्यांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की सोबत आलेल्या काशीबाईंनी काढून ठेवलेली टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

५

शनिवारी सकाळी दिग्विजयची गाडी सफाळ्याला निघाली. पुढे काशीबाई, मागे बाविस्कर कुटुंब. प्रत्येक खड्ड्याला बाविस्कर “आई गं” म्हणत आणि प्रत्येक “आई गं”ला दिग्विजय “सॉरी भावजी” म्हणे. मनोरचा फाटा जाईपर्यंत दोघांचं बोलणं पूर्ववत सुरू झालं होतं.

भाग्येशचे वडील दामू घरत यांची सफाळ्याजवळ भाताची गिरणी होती. तिच्या पडवीतच ते खुर्चीत बसले होते. त्यांच्या पत्नी, हेमालीबाई, स्वागताला पुढे आल्या पण ‘या’ म्हणाल्या नाहीत.

“आमी फोनवर सांगितलं ना, थांबू म्हणून? आमच्या घरात आजवर कुणी कुणावर हात उचलला नाय. पोरगी गुणाची हाय, पण घर पण बघावं लागतं.”

“बरोबर हाय,” काशीबाई म्हणाल्या. “यांच्या घरात पण कुणी उचलला नाय. खोकल्यानं बरगड्या मोडल्या. डॉक्टरचा कागद हाय.”

“खोकल्यानं?” हेमालीबाई हसल्या. “काय सांगता! खोकल्यानं कधी हाड मोडतं?”

दामू घरत हसले नाहीत. ते उजव्या कुशीला गोणपाटाची घडी दाबून बसले होते.

“शेठ, तुमच्या कुशीला काय झालं?” काशीबाईंनी विचारलं.

“न्हाणीत पाय घसरला. दोन आठवडे झाले.”

“आणि मागच्या महिन्यात ही मंडळी मुलगा बघायला आली, तेव्हा तुमी जेवताना यांच्या शेजारी बसून खोकत होता?”

“कोंडा हो. गिरणीवाल्याचा खोकला. कोंड्यानं होतो.”

काशीबाईंनी गिरणीत डोकावून पाहिलं. यंत्राचा पट्टा उतरवून खुंटीला टांगलेला होता. फरशी स्वच्छ झाडलेली होती. “भाग्येश, गिरणी कधीपासून बंद हाय?”

“मोटार जळाली,” भाग्येश म्हणाला. “दिवाळीनंतर लगेच. अजून दुरुस्त...” आणि तो थांबला. त्याने वडिलांकडे पाहिलं. “बाबा, दोन महिने कोंडा आलाच कुठून?”

दामू घरतांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घाईने मिटलं. त्यांचा चेहरा लाल झाला. मग जांभळा. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गोणपाट छातीशी ओढलं.

पडवीत त्या चेहऱ्याचा अर्थ कळणारा एकच माणूस होता. बाविस्कर आपली उशी सावरत उठले, व्याह्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“खोका, दामूशेठ,” ते हळू आवाजात म्हणाले. “मोकळेपणी खोका. दाबलं की जास्त दुखतं.”

मग दामूशेठ खोकले. धप, धप, धप, आणि लांब ‘हूऽऽ’. संपलं तेव्हा ते बाविस्करांच्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत होते.

हेमालीबाई जागच्या जागी उभ्या होत्या. “न्हाणीत पडला होता ना तुमी?”

“नाय पडलो,” दामूशेठ पुटपुटले. “खोकताना मोडलं काहीतरी. मुलीकडची माणसं काय म्हणतील, मुलाच्या घरात आजार हाय... म्हणून नाय बोललो.”

“आणि मी यांचं घर तपासत बसले.” हेमालीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्या सरळ सुगंधाबाईंच्या समोर गेल्या. “विहीणबाई, माझं चुकलं. तुमी आत या. आधी यांना दवाखान्यात नेते आणि मग तारीख काढू.”

“आत नको,” उत्कर्षा म्हणाली. “आधी तुम्ही सगळेच तपासून घ्या. आणि यापुढे या दोन घरांत कुणालाही शिंक जरी आली, तरी ती आधी मला सांगायची.”

त्या दिवसापासून दोन्ही घरांत तिचा शब्द चालू लागला.

दामूशेठांची एक बरगडी निघाली, उजवी सातवी. काशीबाईंनी चौकीत अहवाल दिला: ‘मारहाण नाही. जखमी इसम खोकल्याने जखमी. खोकला सफाळे येथून आला. औषध चालू.’ साहेबांनी तो दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचायला घरी नेला.

साखरपुडा तीन आठवड्यांनी झाला. डॉ. स्वराच्या परवानगीने, आणि जिलेबीसह. सगळं व्यवस्थित पार पडलं. शेवटी फोटोग्राफरने दोन्ही कुटुंबांना ओळीत उभं केलं, मधे उत्कर्षा आणि भाग्येश, बाजूंना दोन्ही वडील. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो कॅमेऱ्याआडून म्हणाला, “एवढे गंभीर काय? थांबा, एक जोक सांगतो.”

“नको!” दोन्ही वडील एकाच वेळी ओरडले.

पण तोवर बबलू हसला होता. त्याच्यामागून सगळा हॉल हसला आणि मग त्या दोघांनाही आवरेना. आज तो फोटो सालवडला आणि सफाळ्याला दोन्हीकडे भिंतीवर आहे. त्यात सगळे खळखळून हसतायत आणि नवरामुलगा-नवरीमुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून आपापल्या सासऱ्याच्या बरगड्या धरून उभे आहेत.